रस्त्याखालची माती

माझ्या सासऱ्यांवर भेसळीचा आळ आला आणि तो घेतला माझ्याच यंत्राने. सुना सासऱ्यांशी भांडतात हे जगजाहीर आहे, पण निदान तोंडाने भांडतात. मी त्यासाठी सरकारी अनुदान मिळवून, अनेक वर्षं प्रयोगशाळेत खपून एक उपकरण बांधलं.

सासऱ्यांचं नाव जिल्बेर. बर्गंडीतल्या सां-मोरां गावच्या उतारावर त्यांचा द्राक्षमळा आहे, सेत-ऑर्म नावाचा. त्याला मळा म्हणताना मला अजून संकोच वाटतो, कारण मी दिंडोरीची. आमच्याकडे एवढ्या तुकड्यात ट्रॅक्टरसुद्धा नीट वळत नाही. पण हा तुकडा ‘ग्रां क्रू’ होता, आणि ते काय प्रकरण आहे हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

बर्गंडीत मान माणसाला नसतो, जमिनीला असतो. सगळ्यात खालच्या पायरीवर प्रदेशाच्या नावाने विकली जाणारी वाइन, तिच्यावर गावाच्या नावाची, तिच्यावर प्रमिए क्रू आणि शेंड्यावर ग्रां क्रू. पायरी मिळते ती शेताला. मालक बदलला तरी ती बदलत नाही. एकच उतार, द्राक्षाची एकच जात, मध्ये एक गाडी जाईल एवढा रस्ता, पण रस्त्याच्या वरची जमीन ग्रां क्रू आणि खालची नुसती गावची. यामागे ‘तेर्वार’ नावाची कल्पना आहे. माती, उतार, ऊन, वारा, पाण्याचा निचरा या सगळ्यांचा मिळून जमिनीला एक स्वभाव येतो आणि तो वाइनमध्ये उतरतो, असं हे लोक मानतात. मला ते पटायला जड गेलं नाही. देवगड हापूसची पेटी फोडताना कोकणी माणूस काय काय बोलतो ते मी ऐकलेलं आहे.

अडचण हवामानाने केली. बर्गंडीत आता ऑगस्टच्या सुरुवातीलाच द्राक्षं काढावी लागत. थंड म्हणून नावाजलेले उतार तापले होते आणि ज्यांच्याकडे पाहून पूर्वी नाकं मुरडली जात ती सावलीतली शेतं एकदम गुणी ठरू लागली होती. जुन्या पायऱ्या खऱ्या उरल्या आहेत का, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. तेव्हा सरकारने एक श्रेणी आयोग नेमला आणि आयोगाने आमचं यंत्र निवडलं.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू अगदी लेशमात्र असतो. त्याचे जड अणू किती आणि हलके किती, हे प्रमाण त्या त्या खडकाचं, त्या त्या मातीचं स्वतःचं असतं. मुळं पाणी शोषतात, पाण्याबरोबर हे अणू वेलीत चढतात, द्राक्षात येतात, पिंपात वर्षानुवर्षं मुरतात, पण प्रमाण तेच राहतं. त्याला आम्ही मातीतल्या आणखी डझनभर धातूंची मोजमापं जोडली. वाइनचा एक थेंब घातला की ती कोणत्या मातीतून आली ते पडद्यावर रंगांच्या पट्ट्यांत दिसायचं. आधी आयोगाच्या गाड्यांनी प्रत्येक शेताच्या वरच्या बांधाजवळून मातीचे नमुने घेऊन साऱ्या उताराचा नकाशा तयार केला. मग प्रत्येक शेताची वाइन त्या नकाशाशी ताडून पाहायची.

गावाने यंत्राचं नाव ठेवलं ‘सून’. माझ्यावरूनच. बेकरीत पाव घ्यायला गेलं की लोक विचारायचे, “काय मग, सून काय म्हणते?” मला तेव्हा गंमत वाटायची.

नमुन्यांवर आणि नकाशातल्या शेतांवर नावं नसत, नुसते सांकेतिक आकडे आणि पायरी. म्हणून एका बाटलीच्या पट्ट्यांत निळ्याबरोबर भरपूर केशरी रंग दिसला तेव्हा मी बिनधास्त शेरा लिहिला, ‘शेजारच्या शेतातील द्राक्षांची भेसळ संभवते’, आणि खाली सही केली. निळा हा त्या शेताचा स्वतःचा रंग, आणि केशरी शेजारच्या, गावच्या पायरीवरच्या शेताचा. म्हणजे ग्रां क्रूच्या नावाखाली खालची द्राक्षं घुसडलेली. बर्गंडीत याहून मोठं पाप नाही. आठवड्याने आयोगाने नावं उघड केली. ते ग्रां क्रू शेत सेत-ऑर्म होतं.

जिल्बेर माझे कोण होते ते सांगायला हवं. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. लग्नानंतर या परक्या देशात ज्या माणसाने मला छाटणीची कात्री हातात धरायला शिकवली, माझ्या फ्रेंचला न हसता ती दुरुस्त केली, ‘शर्वरी’ म्हणता येईना म्हणून आरशासमोर सराव केला आणि तरीही जन्मभर ‘शाव्हारी’च म्हटलं, तो हा माणूस. आणि मी सही करून त्याला लबाड ठरवलं होतं.

“‘तुम्ही केलंत का हो असं?’ एवढं त्यांना विचारायचं धाडस आहे का तुझ्यात?” एत्येनने, माझ्या नवऱ्याने, मला विचारलं. तो शाळेत गणित शिकवतो. एरवी त्याचा आवाज चढत नाही.

“मी विचारलं. ते ‘नाही’ म्हणाले. एवढंच.”

“मग संपलं! यंत्र चुकलं म्हणून कळव आयोगाला.”

“चुकलं असेल तर कळवीन. पण ते चुकलं हे मला माहीत नाही, एत्येन. बाटली तीनदा तपासली. केशरी रंग आहे.”

“म्हणजे तुला वाटतं बाबांनी—”

मी तपासणीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. तेच त्याला लागलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं. रात्रंदिवस तेच वाटत होतं आणि असं वाटतं याची लाजही वाटत होती. त्या वाइनच्या वर्षी गारपिटीने पीक निम्म्यावर आलेलं, पिंपं रिकामी, रस्ता ओलांडला की द्राक्षं हजर. कुणाचाही पाय घसरला असता. जिल्बेर यांचा नसता, असं मन म्हणायचं, आणि पडदा केशरी दाखवायचा.

आयोगाचं पत्र आलं. आरोप खोटा ठरला नाही तर सेत-ऑर्मची पायरी जाणार, आणि बाटलीवर जिल्बेर यांचं नाव पुन्हा कधी लागणार नाही. त्याच पत्रात आणखी एक बातमी होती. रस्त्याखालच्या शेतातली केशरी माती यंत्राने उत्तम ठरवली होती, तेव्हा ते शेत गावच्या पायरीवरून थेट प्रमिए क्रूवर चढवण्याचा विचार होता. ते शेत ओदीलबाईंचं. जिल्बेर आणि त्या एका वर्गात शिकलेले. पण एक रस्त्याच्या वरचा आणि एक खालची, त्यामुळे बोलणं ‘बोंजूर’च्या पुढे कधी गेलं नाही. बाई एकट्या राहत, स्वतः ट्रॅक्टर चालवत, आणि त्यांच्या जिभेला गावातले पाद्रीसुद्धा वचकून असत.

मी रविवारी सासरी जेवायला जाणं बंद केलं. कोणत्या तोंडाने जायचं? आईला दिंडोरीला फोन केला.

“ते आले का कधी तुझ्या अंगावर?” आईने विचारलं.

“नाही गं. एक शब्द बोलत नाहीत.”

“मग तू कशाला लपून बसती? आगं, सासऱ्याच्या मुळावर उठली म्हणून लोक बोलणारच, बोलू दे. पर त्या माणसाच्या ताटाला पाठ फिरवू नको. खरंखोटं काय आसंल ते आसंल. आधी जाऊन जेव.”

आईपुढे माझं विज्ञान कधीच चाललेलं नाही. मी शनिवारीच गेले.

जेवायला बसलो. जिल्बेर यांनी माझ्या ताटात नेहमीसारखा पावाचा कडेचा तुकडा वाढला, कारण मला तो आवडतो. एत्येन काटा फिरवत बसला होता. संध्याकाळी आभाळ काळवंडलं आणि अंगणातल्या पत्र्यावर गोट्या ओतल्यासारखा आवाज करत पाऊस कोसळला. अर्ध्या तासात उतारावरून तपकिरी पाणी धावायला लागलं. आम्ही रात्री तिथेच राहिलो. एरवी मी रविवारी जेवून परतायची, मोठ्या पावसानंतरच्या सकाळी इथे कधी नव्हते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी जे पाहिलं ते मला नवीन होतं.

सारं गाव उतारावर होतं. प्रत्येकाच्या पाठीला उंच टोपली, हातात फावडं. पावसाने वाहून रस्त्याच्या कडेला साचलेली माती लोक टोपलीत भरत, वाकून चढ चढत आणि आपापल्या मळ्यात वेलींच्या मुळाशी ओतत. पुन्हा खाली. पुन्हा वर. जिल्बेरही त्यांत होते, सत्तरीच्या घरातले, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“माती घरी नेतोय,” ते म्हणाले.

“दर वर्षी?”

“दर पावसाला. मी नेतो, माझा बाप न्यायचा, त्याचा बाप न्यायचा. इथली माती खाली पळते आणि आम्ही तिला कान धरून वर आणतो.”

“मला कधी सांगितलं नाहीत!”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना दात घासता का ते विचारलं होतं. “अंगण झाडलं हे कुणी सांगतं का, शाव्हारी?”

मी काही बोलणार तोच रस्त्यापलीकडून ओदीलबाई ओरडल्या, “जिल्बेर! अर्धा चिखल माझ्या वेलींत येऊन पडलाय!”

“रस्ता ओलांडला की खालच्याची!” जिल्बेर ओरडून म्हणाले. “असाच रिवाज आहे!”

“मोठं वादळ झालं तेव्हा तुझी भिंत पडली, ती अजून बांधली नाहीस! तेव्हापासून दर पावसाला हेच! रिवाज घाल चुलीत!”

मी चिखलात उभी राहिले ती उभीच राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आमच्या गाड्यांनी नमुने घेतले होते प्रत्येक शेताच्या वरच्या बांधाजवळून. जिल्बेर यांच्या वरच्या बांधाजवळ काय असणार? पावसाने धुऊन काढलेली उघडी चुनखडी. नकाशातला निळा रंग. आणि ओदीलबाईंच्या वरच्या बांधाजवळ? भिंत पडल्यापासून रस्ता ओलांडून येऊन साचलेली जिल्बेर यांची माती. तोच तो केशरी. माझ्या नकाशाने जिल्बेर यांची माती ओदीलबाईंच्या नावावर लावली होती, आणि मग जिल्बेर यांच्या वाइनमध्ये त्यांचीच माती सापडली म्हणून त्यांना चोर ठरवलं होतं. माती जिथे असते तिथेच राहते असं आम्ही सगळे शहाणे धरून चाललो होतो. उतारावर!

मी हसायला लागले, आणि हसता हसता रडू यायला लागलं. जिल्बेर यांनी टोपली खाली ठेवली.

“तुम्ही भेसळ केली नाहीत,” मी म्हणाले.

“ते मी तुला सांगितलं होतं.”

“हो. पण आता मला माहीत आहे.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “कुणाला तरी माहीत असावं.” आणि त्यांनी नाक शिंकरायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

पण मला माहीत असून भागणार नव्हतं. आयोगाच्या मादाम व्हासर यांना मी सगळं सांगितलं, सेत-ऑर्मच्या खालच्या टोकाची नवी मोजणी दाखवली. तिथे केशरी रंग भरपूर होता. बाई शांतपणे म्हणाल्या, “मादाम, तुम्ही सून आहात. शिवाय याचा दुसराही अर्थ निघतो. केशरी माती मुळात खालचीच, आणि तुमच्या सासऱ्यांनी टोपल्या भरभरून ती वर नेली. बाहेरची माती ग्रां क्रूमध्ये टाकायला कायद्याने बंदी आहे.”

इकडे आड, तिकडे विहीर. केशरी माती मुळात वरची, हे दाखवायला भिंत पडण्यापूर्वीचा पुरावा हवा होता. जुनी माती कुठून आणणार? पण जुनी वाइन होती. वाइनमध्ये तिच्या वर्षाची माती जशीच्या तशी राहते. सेत-ऑर्मच्या जुन्या बाटल्या जिल्बेर यांच्या तळघरात होत्या, त्यांत केशरी असणार याची मला खात्री होती. अडत होतं ते दुसऱ्या बाटलीवाचून. रस्त्याखालच्या शेतातली, वादळापूर्वीची वाइन. तिच्यात केशरी नसेल तरच सिद्ध होणार होतं. गावच्या पायरीची वाइन कुणी वर्षानुवर्षं ठेवत नाही. ती असली तर एकाच घरात असणार, आणि ती बाटली देणं म्हणजे त्या घराने स्वतःच्या हाताने प्रमिए क्रूवर पाणी सोडणं.

एत्येन म्हणाला, “ओदीलबाई का देतील? त्यांच्या जागी मी असतो तर नसती दिली.”

“म्हणून तर विचारायला जायचं,” मी म्हणाले. तो माझ्याबरोबर आला. वाटेत त्याने माझा हात धरला. बऱ्याच दिवसांनी.

ओदीलबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाटली दिलीत तर तुमचं काय जाईल तेही सांगितलं. ते न सांगता मागणं मला जमलं नसतं. त्यांनी सोलणं थांबवलं नाही.

“म्हणजे,” त्या शेवटी म्हणाल्या, “तुझी ती सून म्हणाली की माझी जमीन चांगली, ते माझ्या जमिनीबद्दल नव्हतंच?”

“नाही.”

“जिल्बेरच्या चिखलाबद्दल होतं.”

“हो.”

“मी तीस वर्षं त्या वेलींपुढे कंबर वाकवली. तीस वर्षं रस्त्याच्या वरचे लोक येऊन सांगत गेले, बरी आहे वाइन, साधी आहे. साधी तर साधी, माझी होती. आणि आता मला बढती कशाबद्दल? तर त्या माणसाचा गाळ माझ्या दारात येऊन पडला म्हणून?” शेंगा टेबलावर आपटून त्या उठल्या. “असली बढती घेऊन मला मेलीला काय चाटायचीय? चल तळघरात. कंदील घे, दिवा गेलाय.”

खाली कोळ्यांच्या जाळ्यात थोड्या बाटल्या होत्या. शेत हातात आल्यावर त्यांनी केलेली पहिली वाइन. एक त्यांनी फडक्याने पुसली, माझ्या हातात दिली, आणि लगेच परत घेतली. “मी स्वतः घेऊन येते. तू घसरशील.”

तपासणी जिल्बेर यांच्या घरी झाली. मादाम व्हासर यांनी आयोगाचं दुसरं यंत्र आणलं होतं आणि मला त्याच्यापासून लांब बसवलं होतं. आधी सेत-ऑर्मची जुनी बाटली उघडली. एक थेंब. पडद्यावर निळा आला आणि शेजारी केशरी, आजच्याइतकाच. मग ओदीलबाईंची. बुच निघताना मधेच तुटलं, मादाम व्हासर यांनी ते हळूहळू उकरून काढलं, आणि मला वाटलं आता माझाच जीव त्या बाटलीच्या गळ्यात अडकलाय. थेंब पडला. पडद्यावर राखाडी रंगाची रुंद पट्टी आली. आम्ही वाट पाहिली. दुसरा कोणताही रंग आला नाही.

“केशरी नाही,” मादाम व्हासर म्हणाल्या. त्यांनी पुन्हा एकदा थेंब घालून पाहिला आणि मग चष्मा काढला. “खालची मूळ माती राखाडी. केशरी माती मुळात वरचीच. मस्य जिल्बेर, आरोप मागे घेतला जाईल. नकाशा पुन्हा करावा लागेल, साऱ्या उताराचा.” त्या माझ्याकडे वळल्या. “या वेळी वरपासून खालपर्यंत.”

“टोपली घेऊन फिरते,” मी म्हणाले. एत्येनने बापाला मिठी मारली आणि मग मला, आणि मग चुकून मादाम व्हासर यांनाही. छातीवरून धोंडा उतरतो म्हणजे नेमकं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. आधी श्वास येतो, मग भूक लागते.

“मादाम ओदील,” व्हासरबाई जाता जाता म्हणाल्या, “तुमची बढती अर्थातच—”

“मी मागितली होती का?” ओदीलबाई म्हणाल्या.

गाडी गेली. टेबलावर दोन बाटल्या उरल्या, थेंब-दोन थेंब कमी. जिल्बेर यांनी ग्लास आणले. मला वाटलं ते आपली ग्रां क्रू ओततील. त्यांनी ओदीलबाईंची बाटली उचलली. उभ्या आयुष्यात या माणसाने रस्त्याखालची वाइन तोंडाला लावली नसावी. त्यांनी ग्लास फिरवला, वास घेतला, एक घोट तोंडात धरला आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. ओदीलबाई हाताची घडी घालून भांडायच्या तयारीत बसल्या होत्या.

“तुझी आहे ही?” जिल्बेर यांनी विचारलं.

“नाही, पाद्र्याची. माझीच आहे. आणि आताची अशी होत नाही. भिंत पडल्यापासून दर वर्षी वेगळीच होतेय, मला वाटलं माझाच हात बिघडला. आता कळलं. तुझ्या त्या थोर मातीने माझी वाइन नासवलीय, जिल्बेर. उद्या ये आणि घेऊन जा ती सगळी. मग भिंत बांध.”

एत्येनने माझ्याकडे पाहिलं. गावात कुणी ग्रां क्रूबद्दल असं बोललेलं आम्ही ऐकलं नव्हतं. जिल्बेर यांनी आणखी एक घोट घेतला, या वेळी मोठा.

“खरं आहे,” ते म्हणाले. “नासवलीच.” आणि रिकामा ग्लास त्यांनी ओदीलबाईंपुढे धरला.